श्रद्धा पर्चेस ऑर्डरमध्ये उतरवताना

पुरवठा साखळीत धर्म आणि नीती आणायची म्हटलं की बहुतेक ठिकाणी सुरुवात होते ती पुरवठादारांसाठीच्या आचारसंहितेने. दहा-बारा पानं, शेवटी सही-शिक्का. सही होते, कागद फाइलला लागतो, आणि पुढच्याच आठवड्यात खरेदी विभाग त्याच पुरवठादाराकडून दर पाडून घेतो आणि पेमेंट नव्वद दिवसांवर नेतो. मजुराला वेळेवर मजुरी मिळावी म्हणून ती संहिता लिहिलेली असते, आणि त्याच मजुरीचे पैसे आता आपण अडवून बसलेलो असतो. म्हणून इथे क्रम उलटा ठेवला आहे: आधी खरेदीदाराच्या स्वतःच्या अटी, मग पुरवठादाराकडून अपेक्षा, आणि त्यानंतर तपासणी.

तीन कप्पे वेगळे ठेवा

श्रद्धेचा साखळीशी संबंध तीन प्रकारे येतो. पहिला कप्पा मालाचा: हलाल, कोशर (यहुदी आहारनियमांनुसार चालणारं), जैन, निव्वळ शाकाहारी अशा अटी. दुसरा वागणुकीचा: मजुरी, वजनमाप, फसवणूक, सक्ती, प्राण्यांचे हाल, पाण्याची आणि जमिनीची नासाडी. तिसरा माणसाच्या अंतःकरणाचा: साखळीतला माणूस कोणता धर्म मानतो, किंवा कोणताच मानत नाही.

पहिल्या कप्प्यातला निवाडा त्या त्या परंपरेतल्या जाणत्यांनी करायचा. खरेदी व्यवस्थापकाने ‘हे चालायला हरकत नाही’ असं ठरवायचं नाही. दुसऱ्या कप्प्यातला निर्णय तुमचा आणि जबाबदारीही तुमची. तिसऱ्यात हात घालायचा नाही. तिथे कुणाची अडवणूक होत नाही ना, एवढंच बघायचं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९५८ सालचा करार क्रमांक १११ नोकरी-व्यवसायात धर्मावरून भेदभावाला मनाई करतो. पुरवठादाराच्या फॉर्ममध्ये मालकाचा किंवा कामगारांचा धर्म विचारणारा रकाना असेल तर तो आजच काढून टाका.

कप्पे मिसळले की काय होतं? शुद्धतेचं प्रमाणपत्र असलेला कारखाना ‘धार्मिक’ ठरतो आणि त्याचं हजेरीपुस्तक कुणी उघडत नाही. प्रमाणपत्र घटकांबद्दल आणि प्रक्रियेबद्दल बोलतं. मजुरीबद्दल ते बहुतेक वेळा काहीच म्हणत नाही.

वचनातून अट कशी काढायची

व्यवहाराबाबत परंपरा थक्क व्हावं इतक्या नेमक्या बोलतात. जैन तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्यव्रताचे, म्हणजे चोरी न करण्याच्या व्रताचे, पाच अतिचार (व्रताला बाधा आणणारे दोष) दिले आहेत: चोरीला प्रवृत्त करणं, चोरीचा माल घेणं, राज्याच्या नियमाविरुद्ध व्यवहार करणं, वजनमापात कमी-जास्त करणं, आणि भेसळ किंवा नकली माल खपवणं. खरेदी विभागाची तपासयादी याहून फार वेगळी नसते. त्याच अध्यायात अहिंसेच्या अतिचारांत ‘अतिभारारोपण’ आहे, म्हणजे झेपणार नाही इतकं ओझं लादणं. आज हमालाच्या पाठीवरच्या पोत्याला आणि ट्रकच्या ॲक्सलवरच्या भारालाही ते तसंच लागू पडतं. बायबलच्या ‘लेवीय’ या पुस्तकात (१९:१३) मजुराची मजुरी सकाळपर्यंत स्वतःजवळ ठेवू नये असं सांगितलं आहे. हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांत, घाम सुकण्याआधी मजुरी द्यायला सांगितलं आहे. बौद्ध परंपरेत उपासकासाठी पाच व्यापार वर्ज्य आहेत: शस्त्रं, माणसं, मांस, मद्य आणि विष.

यातून अट काढताना प्रत्येक वचनाला चार प्रश्न विचारा. हे कोणी करायचं? किती आणि केव्हापर्यंत? कोणत्या कागदावर दिसेल? चुकलं तर काय? चारही उत्तरं मिळत नसतील तर ते वचन प्रार्थनेत राहू द्या, करारात घालू नका. ‘पुरवठादार कामगारांशी करुणेने वागेल’ ही अट तपासता येत नाही. ‘मजुरी महिन्याच्या ७ तारखेपर्यंत, कामगाराच्या हातात किंवा त्याच्या स्वतःच्या खात्यात, वजावटीच्या तपशिलासह, पुरावा म्हणून सलग तीन महिन्यांची मजुरीपत्रकं आणि बँक नोंदी’ ही येते.

सुरुवातीला पाच-सहा अटी पुरेत. वीस अटींची यादी केली तर तपासणारा फक्त सोप्या तपासतो: फलक आहे का, अग्निशामक टांगलाय का. मजुरी आणि कर्जाचे अवघड प्रश्न मागे पडतात. बहुधर्मी कंपनीत हे काम त्यामानाने सोपं जातं, कारण मजुरी, वजन, खोटेपणा आणि सक्ती याबाबत परंपरांचं जवळजवळ एकमत आहे. मतभेद होतो तो मद्य, मांस आणि व्याजावर. एकमताच्या अटी सगळ्या साखळीला लावा. मतभेदाच्या अटी त्या त्या उत्पादनापुरत्या किंवा त्या त्या करारापुरत्या ठेवा.

आधी आपल्या थैलीतली वजनं

कुराणातली ८३वी सुरा मापात कपट करणाऱ्यांबद्दल आहे. पहिल्याच आयतींमध्ये कपट म्हणजे काय तेही सांगितलं आहे: लोकांकडून घेताना पुरेपूर मोजून घेणं आणि देताना कमी देणं. बायबलच्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात (२५:१३) थैलीत दोन वजनं, एक जड नि एक हलकं, ठेवायला मनाई आहे. खरेदी विभागाने हे दोन उतारे स्वतःच्या करारासमोर धरावेत. माल एक दिवस उशिरा आला तर दंड आहे, पण पेमेंट महिनाभर लांबलं तर काहीच नाही. अशी जोडी सापडली की ती दोन वजनं समजा.

पेमेंट. मोजणी बिल मिळाल्यापासून करू नका, माल मिळाल्यापासून करा. बिल ‘दुरुस्तीसाठी’ परत पाठवून दिवस वाढवण्याची खोड मोडते. लहान पुरवठादाराला ३० दिवसांच्या आत पूर्ण रक्कम. वाद असेल तर वादातली रक्कम तेवढी थांबवा, बाकीची सोडा. हंगामी माल असेल तर उत्पादकाला आगाऊ रक्कम लागते. ती तुम्ही दिली नाही तर गावातला सावकार किंवा मुकादम देतो, आणि वेठबिगारीची सुरुवात बरेचदा तिथूनच होते.

व्याज निषिद्ध मानणाऱ्या पुरवठादाराशी करार करताना उशिराच्या पेमेंटवरचं व्याजाचं कलम तसंच चिकटवू नका. इस्लामी अर्थव्यवहारात रुळलेली पद्धत अशी, की उशिराचा दंड आकारला तरी तो समोरच्याने उत्पन्न म्हणून ठेवायचा नाही, धर्मादायाला द्यायचा. कोणत्या संस्थेला आणि किती दिवसांत, हे करारातच लिहा.

वजन. धान्य, कापूस, कोको, कॉफी अशा मालात शेतकऱ्याचं नुकसान काट्यापेक्षा ओलाव्याच्या वजावटीत जास्त होतं. हिशेब कोरड्या भागावर करायचा. १,००० किलो माल १४ टक्के ओलाव्याने आला आणि ठरलेलं प्रमाण १२ टक्के असेल, तर कोरडा भाग ८६० किलो. ८६० भागिले ०.८८ म्हणजे ९७७.३ किलो. रास्त वजावट २२.७ किलो. ‘एका टक्क्याला दोन टक्के’ अशा रूढीने कापलं तर ४० किलो जातात, म्हणजे १७.३ किलो माल फुकट घेतला. वजावटीचा तक्ता विकणाऱ्याला वाचता येईल अशा भाषेत काट्याशेजारी लावा, प्रमाणित वजनं ठेवून काटा रोज सकाळी तपासा, नोंदवहीत आकडा लिहा, आणि विकणाऱ्याला स्वतःसमोर पुन्हा वजन मागण्याचा हक्क द्या. ओलावामापक यंत्राचं कॅलिब्रेशन हंगामाच्या आधी करा. ते हंगामाच्या मध्यात होत असेल तर त्याआधीच्या खरेदीबद्दल शंका उरते.

वेळ. ऑर्डर वाढवली आणि तारीख तीच ठेवली, की जादा काम आणि लपलेला उपठेका या दोन गोष्टी आपोआप येतात. एक उदाहरण पूर्ण मांडू. एका नगाला प्रमाणित १८ मिनिटं लागतात आणि कारखान्याची कार्यक्षमता ६० टक्के आहे. म्हणजे प्रत्यक्षात ३० मिनिटं. १०,००० नगांना ५,००० तास. ४० कामगार, आठवड्याला ४८ तास, तीन आठवडे: ५,७६० तास उपलब्ध. ऑर्डर आरामात बसते. आता खरेदीदाराने ती १४,००० नगांची केली, तारीख तीच. लागणार ७,००० तास. १,२४० कमी. प्रत्येकाला आठवड्याला साधारण १० तास जादा, म्हणजे ५८. अनेक आचारसंहितांची ६० तासांची मर्यादा अजून ओलांडली नाही, म्हणून खरेदीदार निवांत. पण याच तीन आठवड्यांत दोन दिवस सणाची सुट्टी असेल तर उपलब्ध तास उरतात ५,१२०. १,८८० कमी, माणशी ४७ तास, १६ दिवसांत. रोज जवळजवळ तीन तास जादा, अकरा तासांचा दिवस, सहा दिवसांच्या आठवड्यात ६५ तासांच्या वर. कारखानदारापुढे मग तीनच वाटा राहतात: सण बुडवायचा, नोंदी खोट्या करायच्या, किंवा काम बाहेर कुठल्यातरी नाव नसलेल्या शेडमध्ये पाठवायचं. तपासणीत हा दोष कारखानदाराच्या नावावर लागेल. तो तयार झाला खरेदीदाराच्या एका ईमेलमध्ये.

म्हणून नियम असा करा: ठरलेल्या तारखेनंतर नगांची संख्या १० टक्क्यांहून जास्त वाढली किंवा डिझाइन बदललं, तर डिलिव्हरीची तारीख आपोआप पुढे जाते, आणि ती कारखान्याने मागायची गरज नाही, सिस्टीमनेच हलवायची. दराच्या वाटाघाटीत मजुरीचा भाग वेगळा काढून ठेवा. कच्चा माल, वाहतूक, नफा यावर घासाघीस करा. मजुरीच्या मिनिटांवर नाही.

सणांचं कॅलेंडर नियोजनात घाला

मागणीचा अंदाज गेल्या वर्षीच्या त्याच तारखेशी ताडून पाहणारी सॉफ्टवेअर इथे हमखास फसतात. हिजरी वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचं, त्यामुळे रमजान दर वर्षी १० ते ११ दिवस अलीकडे सरकतो. चांद्र-सौर पंचांगात साधारण ३२-३३ महिन्यांनी अधिक मास येतो आणि सण एकदम पुढे जातो. यहुदी पंचांगात १९ वर्षांत ७ वर्षं तेरा महिन्यांची. चिनी नववर्ष २१ जानेवारी ते २० फेब्रुवारीच्या दरम्यान, पाश्चात्त्य ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिलच्या दरम्यान. म्हणून विक्रीचा इतिहास तारखेने न मांडता ‘सणाच्या आधी किती दिवस, नंतर किती दिवस’ असा मांडा. सण हा शून्य दिवस, त्याआधीचे ६० आणि नंतरचे ३०. गेल्या पाच वर्षांची मांडणी अशी करून बघितली की लहरी वाटणारी मागणी बऱ्यापैकी नियमित दिसते.

दुसरी बाजू उत्पादनाची. प्रत्येक पुरवठादाराकडून वर्षाच्या सुरुवातीला सुट्ट्यांची यादी घ्या, त्यात अधिकृत सुट्टी आणि ‘प्रत्यक्षात माणसं कधी परततात’ असे दोन रकाने ठेवा. लांबून आलेले कामगार सणाला गावी गेले की सगळे एकाच दिवशी परतत नाहीत. चंद्रदर्शनावर ठरणाऱ्या सणाला एक दिवसाची सवड ठेवा. उपवासाच्या महिन्यात जड आणि उष्णतेचं काम पहाटेच्या पाळीत हलवा, संध्याकाळी उपवास सोडण्याच्या वेळेला पाळी बदलू नका, आणि फोर्कलिफ्ट चालवणाऱ्याची दुपारची लांब पाळी टाळा; दिवसभराच्या उपवासात लक्ष ढळतं आणि अपघात होतात.

मालाच्या शुद्धतेच्या अटी

इथे दगा मुख्य घटकात नसतो, जो घटक कुणाच्या लक्षातही येत नाही त्यात असतो. ग्लिसरीन, मॅग्नेशियम स्टिअरेट, ई ४७१ (‘ई’ क्रमांक म्हणजे खाद्यपदार्थांत घालायच्या पदार्थांचे संकेतांक) म्हणून लिहिलेली मोनो-डायग्लिसराइड्स: तिन्ही वनस्पतीपासूनही बनतात आणि प्राणिज चरबीपासूनही, आणि लेबल दोन्ही वेळा सारखंच असतं. ई १२० हा लाल रंग किड्यांपासून मिळतो, ई ९०४ म्हणजे लाख. ब्रेडच्या पिठात घालतात तो एल-सिस्टीन, म्हणजे ई ९२०, पिसांपासून, केसांपासून किंवा किण्वनाने (आंबवून) बनतो. साखर काही ठिकाणी हाडांच्या कोळशातून गाळली जाते आणि तयार मालात त्याचा मागमूस नसतो. चीजसाठी दूध विरजायला वापरलेलं रेनेट, व्हिटॅमिनच्या गोळीवरचं जिलेटिन, लेबलच्या गोंदातलं केसीन (दुधातलं प्रथिन), हेही तसेच. प्लास्टिकच्या पिशव्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून घातलेल्या पदार्थांतही प्राणिज चरबीपासून आलेले घटक असू शकतात.

यासाठी प्रत्येक घटकाला, प्रक्रियेत मदत म्हणून वापरलेल्या पदार्थांसह, एक ‘मूळ’ पत्रक ठेवा: पदार्थ, बनवणारा, प्रत्यक्ष कारखान्याचा पत्ता, मूळ स्रोत (वनस्पती, प्राणी आणि कोणता, सूक्ष्मजीव, रासायनिक), किण्वन असेल तर कशावर वाढवलं, शुद्धीकरणाला मद्यार्क वापरला का. व्यापाऱ्याचं पत्र पुरेसं नाही, बनवणाऱ्याचं हवं. करारात बदलाची पूर्वसूचना घाला: स्रोत किंवा कारखाना बदलायचा असेल तर ६० दिवस आधी, लेखी मंजुरीशिवाय नाही. हे कलम नसलं की पाम तेल महागताच ग्लिसरीन गुपचूप चरबीचं होतं; आणि बनवणाऱ्याने स्वतःच्या दृष्टीने काहीही चूक केलेली नसते.

वाहतूक हा दुसरा कच्चा दुवा. द्रव मालाच्या टँकरसाठी मागच्या तीन खेपांचा लेखी दाखला आणि धुलाईचं प्रमाणपत्र (पाण्याचं तापमान, वापरलेलं रसायन, वेळ, सीलचे क्रमांक) माल भरण्याआधी मागा, नंतर नाही. भरून झाल्यावर कागद मागितला तर ‘माल परत पाठवा’ म्हणायची हिंमत कुणाची होत नाही. जुने पिंप पुन्हा वापरात असतील तर आधी त्यांत काय होतं ते बघा. यंत्रं एका वापरातून दुसऱ्या वापरात न्यायची असतील तर नियम परंपरेप्रमाणे वेगळे. कोशरसाठी साधारणपणे यंत्र स्वच्छ करून २४ तास रिकामं ठेवतात आणि मग देखरेखीखाली उकळत्या पाण्याने प्रक्रिया होते. मलेशियाच्या एमएस १५०० या हलाल मानकात डुकराचा संपर्क झालेल्या यंत्रासाठी सात वेळा धुणं, त्यातलं एक मातीमिश्रित पाण्याने, असं सांगितलं आहे. उत्पादनाच्या वेळापत्रकात हे तास आधीच मोजलेले असू द्या. नाहीतर रात्रपाळीचा सुपरवायझर ‘आज एवढं चालवून घ्या’ म्हणेल, आणि त्याला दोष देता येणार नाही.

प्रमाणपत्र तपासताना पाच गोष्टी: कंपनीचं नाव, कारखान्याचा पत्ता, उत्पादनांची जोडयादी, मुदत, आणि देणाऱ्या संस्थेला तुमच्या ग्राहकाच्या देशात मान्यता आहे का. सगळ्यात जास्त आढळणारी गफलत पत्त्याची. प्रमाणपत्र खरं असतं, पण दुसऱ्या कारखान्याचं. संस्थेला फोन करा तो तुम्ही स्वतंत्रपणे शोधलेल्या नंबरवर. प्रमाणपत्रावर छापलेल्या नंबरवर नको.

गोदामात वेगळा विभाग शक्य नसेल तर शुद्ध माल नेहमी वरच्या फळीवर, गळतीची शक्यता असलेला खाली, पॅलेट वेगळ्या रंगाचे, आणि रंग फक्त लेबलला न देता पॅलेटलाच. लेबल पडतं.

दाव्याचा माग

ब्रिटनमध्ये गुलामांनी पिकवलेल्या साखरेवर १७९१ च्या सुमारास मोठा बहिष्कार झाला. क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे लोक त्या चळवळीच्या आघाडीवर होते. पुढे १८२० च्या दशकात साखरेच्या भांड्यांवर ‘ईस्ट इंडियाची साखर, गुलामांनी न बनवलेली’ अशी अक्षरं दिसू लागली. ही साखर जिथून येई त्या भारतात मात्र गुलामगिरीला कायद्याचा आधार नाकारणारा कायदा १८४३ मध्ये आला. लोकांची कळकळ खरी होती, पण भांड्यावरचा दावा साखळीच्या टोकापर्यंत कुणी तपासला नव्हता. १९८८ मध्ये नेदरलँड्समध्ये सुरू झालेल्या मॅक्स हॅवेलार या न्याय्य व्यापाराच्या खुणेमागे मेक्सिकोतल्या ओहाकाच्या कॉफी उत्पादकांसोबत राहिलेला एक डच धर्मगुरू होता, फ्रान्स व्हान डेर हॉफ. तिथे मात्र खुणेसोबत किमतीचा नियम आणि उत्पादकांची नोंदणी आली. दावा छापायचा तर त्याच्यामागे असं काही उभं लागतं.

सगळी साखळी एका वर्षात मांडता येत नाही. खरेदीच्या खातेवहीतून सुरुवात करा, पण सर्वात मोठ्या रकमेचे पुरवठादार आधी घेऊ नका. धोका जिथे जास्त तिथून सुरू करा: हंगामी मजूर, स्थलांतरित मजूर, एजंटमार्फत भरती, घरोघरी होणारं काम, खाणी. असे दोन किंवा तीन पदार्थ निवडा आणि शेतापर्यंत किंवा खाणीपर्यंत जा. प्रत्येक पायरीवर वजनाचा ताळा घ्या. प्रमाणित कच्चा माल १,००० किलो आला आणि उतारा (कच्च्या मालातून निघणारा तयार माल) ८२ टक्के असेल, तर प्रमाणित तयार माल ८२० किलोहून जास्त विकला जाऊ शकत नाही. विक्रीच्या नोंदी ९५० दाखवत असतील तर १३० किलो कुठून आले, हा प्रश्न संभाषण सुरू करायला पुरेसा आहे.

सक्तीच्या मजुरीसाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचे अकरा निर्देशक वापरा. त्यातले कागदावर न दिसणारे, म्हणून मुद्दाम विचारायचे: ओळखपत्र किंवा पासपोर्ट कुणाकडे आहे, नोकरी मिळवायला कुणाला पैसे दिले, कर्ज किती उरलं, संध्याकाळी बाहेर जायला परवानगी लागते का. मुलाखत कारखान्याबाहेर, कामगाराच्या भाषेत, सुपरवायझर जवळ नसताना. ‘तुम्हाला इथे त्रास आहे का?’ असं विचारलं तर उत्तर ‘नाही’ येतं. ‘गेल्या महिन्यात हातात किती आले आणि घरी किती पाठवले?’ असं विचारा. खरं चित्र आकड्यांतून बाहेर पडतं.

भरतीचे पैसे कामगाराने भरल्याचं आढळलं तर ते परत करायचे, आणि ती रक्कम कुणी किती सोसायची हे खरेदीदार व पुरवठादाराने मिळून ठरवायचं. किमान वयाखालचं मूल आढळलं तर त्याच दिवशी हाकलून देऊ नका. ते पुढच्या, आणखी वाईट कामावर जातं. काम थांबवा, वयाची खात्री करा, शाळेत घालण्याची व्यवस्था लावा, कायदेशीर वयापर्यंत मजुरीइतकी रक्कम घरी चालू ठेवा, आणि घरातल्या प्रौढाला ते काम देता येतं का बघा.

श्रद्धेमुळे होणाऱ्या चुका

ही सावधगिरी श्रद्धावान माणसालाच सगळ्यात जास्त लागते. आपल्याच पंथातला पुरवठादार असला की तपासणी ढिली पडते. ‘त्यांच्याकडे काय बघायचं’ असं वाटतं. धर्मबंधूच्या ओळखीचा फायदा घेऊन केलेल्या फसवणुका याच विश्वासावर चालतात. उपाय सरळ आहे: ओळखीच्या पुरवठादाराची तपासणी ओळख नसलेल्या माणसाने करायची, आणि संचालकांचे नातेसंबंध नोंदवहीत लिहायचे.

देणगी आणि मजुरी यांची अदलाबदल नाही. पुरवठादाराने मंदिराला, मशिदीला, चर्चला किंवा अनाथाश्रमाला काय दिलं याचे गुण मूल्यमापनात धरू नका. थकलेल्या मजुरीतून आलेलं दान हे त्या मजुराचंच दान असतं, फक्त त्याला कुणी विचारलेलं नसतं.

तक्रारीसाठी धर्मगुरूंचा मार्ग ठेवता येतो. कामगार हेल्पलाइनपेक्षा त्यांच्याकडे मोकळेपणाने बोलतात. मात्र आधी बघा की ते कारखानदाराच्या जागेत राहत नाहीत ना, त्याच्या देणगीवर अवलंबून नाहीत ना, आणि कामगारांत दुसऱ्या धर्माचे, दुसऱ्या जातीचे, बायका असे जे आहेत त्यांना हा मार्ग खरोखर खुला आहे का. नेहमी दोन मार्ग ठेवा, आणि त्यातला एक धार्मिक नसलेला.

आपल्या गोदामातल्या कर्मचाऱ्याला मद्य किंवा मांस हाताळायला श्रद्धेमुळे अडचण असेल तर ती कामावर घेतानाच मोकळेपणाने विचारून, कामाचं वाटप बदलून सुटते का ते बघा. दोन माणसांच्या पाळीत ते जमत नाही, दहा जणांच्या पाळीत बहुधा जमतं. बैठकीआधीची प्रार्थना ऐच्छिक ठेवा, आणि तिच्या वेळात कामाची कोणतीही सूचना देऊ नका, म्हणजे न येणाऱ्याचं नुकसान होत नाही.

पुरवठादार सोडताना

दोष सापडला की संबंध तोडणं हे हात स्वच्छ वाटायला बरं असतं, पण त्या कारखान्यातली माणसं तिथेच राहतात. आधी सुधारणेचा आराखडा: काय, कोण, किती तारखेपर्यंत, खर्च कुणाचा. जिवाला धोका असेल, जसं की इमारतीला तडे, कुलूपबंद दरवाजे, कोंडून ठेवलेली माणसं, तर काम तात्काळ थांबवायचं आणि मजुरी चालू ठेवायची. २४ एप्रिल २०१३ ला बांगलादेशातली राना प्लाझा कोसळली, ११३४ माणसं गेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते आणि तरी कामगारांना आत बोलावलं होतं. तातडीच्या ऑर्डरमुळे असा निर्णय कुणावर लादला जाणार नाही, यासाठी ‘सुरक्षेच्या कारणाने काम थांबवल्यास उशिराचा दंड लागू नाही’ हे वाक्य प्रत्येक पर्चेस ऑर्डरमध्ये छापून ठेवा.

आराखडा दोनदा मोडला, नोंदी पुन्हा खोट्या निघाल्या, तर मग सोडायचं. लेखी कारण द्या. सहा महिने आधी कळवा आणि त्या काळात ऑर्डर पायरीपायरीने कमी करा, एकदम शून्यावर आणू नका. तयार झालेला आणि यंत्रावर असलेला माल उचला, शिल्लक बिलं मुदतीआधी चुकती करा, आणि कामगारांची देणी निघाली का हे शेवटच्या मजुरीपत्रकावरून तपासल्यावरच त्या पुरवठादाराचा कोड सिस्टीममध्ये बंद करा.